आजी, भार सोड

३ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद तर आहेतच, ते काही दरवेळी कागदावर सांडायला नकोत. तुझ्या आईचा फोन आला होता. ती काहीतरी सांगत होती आणि मी हो हो म्हणत होते. या कानांना फोनवरचं निम्मंच कळतं आणि उरलेल्या निम्म्याला मी हो म्हणते. असंच हो म्हणता म्हणता मागे मी कुणाला तरी शिवणयंत्र देऊन बसले. म्हणून या खेपेला समोरच्या शिंपिणीला बोलावलं. तिने फोन ऐकला आणि माझ्या कानात ओरडून सांगितलं, की मुंगीने चपलांचं दुकान सोडलं आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचा कोर्स धरला.

मला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं. शिंपीण म्हणाली तुझी आई रडत होती. रडू दे. ती लहानपणी नवा फ्रॉक घातला तरी रडायची. चपलांच्या दुकानात तू दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचीस, आता निदान त्यांची तोंडं तरी दिसतील. मी तुझं नाव मुंगी ठेवलं ते उगाच नाही, चालायला लागलीस तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत नेतेस. एकदा तर माझ्यासकट पाट ओढला होतास.

पण एक गोष्ट काही माझ्या डोक्यात शिरत नाही. शिंपिणीच्या भाचीने हाच कोर्स केलाय, ती म्हणते याला पोलिसांचा दाखला लागतो. सासूला मी न्हाऊ घातलं, तुझ्या आजोबांचं शेवटी शेवटी सगळं केलं, तेव्हा कुणी पोलीस दारात आला नाही. आम्ही काय बिनदाखल्याचे चोर होतो? म्हाताऱ्याची पाठ चोळायला पोलीस, उद्या चहा गाळायला वकील लागेल.

आणि ती असंही म्हणते की परीक्षेला एक म्हातारं माणूस आपलं आपण न्यावं लागतं, हाडामांसाचं. मग मी कशाला आहे? दिवस कळव, बॅग भरते.

तुझी,
आजी

११ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आधी हे सांग की शिवणयंत्र कुणाला दिलंस. आई ते गेले कित्येक दिवस शोधतेय आणि तिला वाटतंय मी नेलं.

हो, पोलिसांचा दाखला लागतो. परक्या घरात शिरायचं, अंथरुणावरच्या माणसाचे कपडे बदलायचे, कपाटाच्या किल्ल्या समोर लटकत असतात. आत कोण शिरतंय ते कुणीतरी बघायला नको? तू सासूला न्हाऊ घालायचीस तेव्हा सासू तुला ओळखत होती. ओळखत होती म्हणून जास्त घाबरत असेल, ते सोड.

पोलिसांवर भागलं असतं तर बरं होतं. दहावी पास, तब्येतीचा दाखला, लसी टोचल्याचे कागद, प्रथमोपचाराचा वर्ग, मग मूळ वर्ग, मग केंद्रात कुणाच्या तरी हाताखाली काम. तब्येतीचा दाखला देणारा डॉक्टर म्हणतो आधी लसींचे कागद आण, लस देणारी म्हणते आधी डॉक्टरची चिठ्ठी आण. या रांगांमध्ये उभं राहून माझी इतकी दशा झालीय की माझ्यासाठीच कुणीतरी ठेवावं लागेल.

शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. ती आमच्या बाईच घेतात. त्यांना आम्ही फूटपट्टी म्हणतो, कारण त्या सरळ उभ्या राहतात आणि सगळं मोजतात. दोनच संधी मिळतात. दोन्ही हुकल्या की पुन्हा पहिल्यापासून सगळं. इथल्या शुश्रूषा केंद्राने मला जागा देऊ केलीय, पण प्रमाणपत्र असेल तरच, आणि एप्रिल संपेपर्यंतच. दुकानाच्या मालकांनी माझ्या जागी दुसरी मुलगी ठेवलीसुद्धा. म्हणजे मागचं दार लागलंय आणि पुढचं अजून उघडायचंय. हे सगळं तुला एवढ्यासाठी लिहितेय की तू गंमत म्हणून येऊ नयेस.

येणार असशील तर नीट वाच. परीक्षेत तुझ्या उजव्या अंगात ताकद नाही असं धरायचंय. उजवा हात लुळा. ब्लाउज मी चढवणार, कमजोर हात आधी, अशी पद्धत आहे. तू हात उचलायचा नाहीस. मग पलंगावरून खुर्चीत. तुझ्या कमरेला पट्टा बांधून मी तुला उठवणार. मी "आजी, भार सोड" म्हटलं की अंग माझ्यावर टाकायचं. मदत करायची नाही. मध्ये बोलायचं नाही. कबूल असेल तर लिही.

तुझी,
मुंगी

१६ फेब्रुवारी

मुंगे,

कबूल, कबूल, कबूल. यात काय आहे? नुसतं पडून राहायचं. त्याला काही अक्कल लागते का. तुझे आजोबा निवृत्त झाल्यावर जन्मभर तेच करत होते.

मी उजवा हात मांडीवर ठेवून बसायची सवय करते आहे. चहा डाव्या हाताने पिते. शिंपीण आली आणि घाबरली, तिला वाटलं माझ्या अंगावरून वारं गेलं. मग तिला सगळं समजावून सांगण्यात चहा गार झाला, म्हणून उजव्या हाताने पुन्हा गरम केला. पण ते परीक्षेत नसणार.

ब्लाउज कुठला आणू? निळा आणते, त्याच्या बाह्या सैल आहेत, तुला सोपं जाईल. शिवणयंत्र बहुतेक दूधवाल्याच्या बायकोकडे आहे. तुझ्या आईला सांगू नको, मी गोडीगुलाबीने परत आणते.

आजी

२ मार्च

आजी,

काल परीक्षेनंतर बसच्या खिडकीतून तू हात हलवत गेलीस. उजवा. तोच हात.

मी घरी येऊन सरळ झोपले, म्हणून आज लिहितेय. मला एकदा सगळं क्रमाने लिहू दे, म्हणजे माझी तरी खात्री पटेल की हे खरंच झालं. मी तुझा लुळा हात धरायला वाकले, तेवढ्यात तो आपणहून वर आला आणि बाहीत शिरला. शिरला तो शिरला, बाहीतून बाहेर येऊन त्याने माझी बट कानामागे सारली. फूटपट्टी बाईंनी मला विचारलं, अंघोळीच्या पाण्याची ऊब कशी बघशील. उत्तर तू दिलंस. बरोबर दिलंस, पण तू दिलंस. त्यांनी मला पुढचा प्रश्न विचारला तर तू त्यांना सांगितलंस की मुलगी हुशार आहे, लहानपणापासून फक्त लाजते.

मग मी पट्टा बांधला, पाय नीट टेकवले, म्हटलं, "आजी, भार सोड." आणि तू, उजव्या अंगात ताकद नसलेली बाई, टुणकन उभी राहिलीस. वर मला म्हणालीस की अगं, तुझी कंबर जाईल. आणि ज्या खुर्चीत मी तुला बसवणार होते ती उचलून बाईंच्या मागे ठेवलीस, का तर त्या केव्हाच्या उभ्या आहेत.

बाईंनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "या आजींना काळजीवाहकाची गरज नाही. पुढच्या वेळी ज्यांना आहे, त्यांना आणा."

वर्गातली मुलं अजून हसताहेत. एक संधी गेली. एकच उरलीय.

मुंगी

६ मार्च

मुंगे,

रागावलीस ते कळलं. खाली "तुझी" लिहिलं नाहीस तेही पाहिलं.

पण मला एक सांग, त्या बाईंचे पाय सुजलेले होते की नव्हते? चपलेचा पट्टा रुतला होता. तू इतकी वर्षं चपलांच्या दुकानात काढलीस आणि तुला दिसलं नाही? खुर्ची दिल्यावर त्या बसल्या की नाही? बसल्या. मनातून बऱ्याच झाल्या असणार, वरवर कडक आहेत. आणि तुझी बट डोळ्यात जात होती. डोळ्यात केस गेलेल्या मुलीने मला उचलावं आणि आपटावं, हे चालतं का तुमच्या नियमात?

हात वर गेला ही मात्र चूक. तो कसा गेला मला कळलंच नाही. मी त्याला आधी बजावलं होतं. जन्मभर कुणी ब्लाउज पुढे केला की हात वर जातो, त्याला काय माहीत की परीक्षा आहे.

आणखी एक वेळ मला घे. या वेळी मी हात पदराखाली बांधून ठेवते आणि तोंडात सुपारी धरते. शिंपीणही म्हणते, घरची आजी असताना बाहेरची कशाला.

दूधवाल्याकडे शिवणयंत्र नाही. तो म्हणतो त्याला बायकोच नाही.

आजी

१० मार्च

प्रिय आजी,

नाही. दुकानाच्या मालकांची आई यायला तयार आहे. तिला खरंच आधाराशिवाय उठता येत नाही, ती कुणाशी बोलत नाही आणि कुणाला खुर्ची देत नाही. मला हेच हवंय.

तू वाईट वाटून घेऊ नकोस असं लिहिणार होते, पण खरं लिहिते. मी विचार केला आणि मला आठवेना की तू कधी कुणावर टेकलीस. आजोबा गेले त्या दिवशी घर भरलं होतं, सगळे बसून रडत होते आणि तू त्यांना पाणी देत फिरत होतीस. मी तुझा हात धरायला आले तर तू माझ्याच हातात तांब्या दिलास. तुला अंग सोडताच येत नाही, आजी. हा गुण आहे असं सगळे म्हणतात. आता माझ्या परीक्षेत बसून पाहिल्यावर मी म्हणते की ही खोड आहे. जी माणसं अशी असतात ना, त्यांना उचलताना उचलणाऱ्याची कंबर मोडते, असं आम्हाला शिकवलंय. ताठ माणूस सगळ्यात जड.

परीक्षा एप्रिलच्या मध्यावर आहे. पास झाले की कळवेन.

तुझी,
मुंगी

२१ मार्च

मुंगे,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहितेय. दोन दिवस लागले एवढ्याला.

आनंदाची बातमी. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर घातलंय, बोटं तेवढी बाहेर दिसतात, पण वर करायला गेलं की आई आठवते. आता हात वर जाणार नाही. गेला तर मी पाहीन. तुझ्या त्या बाईंना सांग, आजीने पात्रता पूर्ण केली, डॉक्टरचा कागद आहे, हवा तर पोलिसांचाही आणते.

पाय घसरला, बाकी काही नाही.

आजी

२४ मार्च

आजी,

आनंदाची बातमी? मनगट मोडलं ही आनंदाची बातमी? आईने पत्र वाचलं आणि ती आधी रडली, मग हसली, मग माझ्यावर ओरडली.

मी शिंपीण मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या की तू पलंगाशी जमिनीवर सापडलीस, भर दुपारी, आणि समोर खुर्ची मांडून ठेवलेली होती. पाय घसरायला पलंगाशी काय ओलं होतं? खुर्ची तिथे कशी आली? आणि तुझ्या कमरेला आजोबांचा जुना पट्टा का होता? मावशींना वाटतंय तुझं डोकं फिरलंय. मला तसं वाटत नाही. मला जे वाटतंय ते तसं नसलं तर बरं.

खरं लिही. दोन ओळी लिही, पण खरं.

मुंगी

२८ मार्च

मुंगे,

दोन ओळी म्हणतेस तर ऐक. सराव करत होते.

तू लिहिलंस ना, तुला अंग सोडताच येत नाही. ते वाचून मला असा संताप आला की मी तीन दिवस शिंपिणीकडे तुझी निंदा केली. मग वाटलं, त्यात एवढं काय आहे, बघू तरी. पलंगाच्या कडेला बसले, पट्टा बांधला, डोळे मिटले आणि तू म्हणतेस तसं मोठ्याने म्हटलं, आजी, भार सोड. आणि सोडला की. पहिल्या झटक्यात जमलं. धरायला पुढे कुणी नाही हे तेवढं ध्यानात राहिलं नाही.

आता यावर हसायचं तर हसून घे. शिंपीण हसली नाही. ती रोज येऊन माझे केस विंचरते आणि विंचरताना मला ऐकू येत नाही असं समजून काय काय पुटपुटते. समोर आरसा असतो, तिचं सगळं तोंडावरून कळतं.

तुला नको असेन तर नाही येत.

आजी

१ एप्रिल

आजी,

हसले नाही. चिडले, मग पत्र उशीखाली ठेवलं.

मालकांच्या आईने काल नकार दिला. लोकांसमोर मला कुणी हात लावायचा नाही, म्हणाली. तिचं बरोबरच आहे, मी तिला आधी विचारलंच नव्हतं, तिच्या मुलालाच विचारलं होतं. हे आमच्या पहिल्याच धड्यात आहे.

म्हणून तुला विचारते. येशील का? फूटपट्टी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी डॉक्टरची परवानगी मागितलीय. मग म्हणाल्या, "आता तरी हात वर जाणार नाही ना?"

तुला न्यायला मी स्वतः येतेय. बॅग भरू नकोस. कुठलीच वस्तू उचलू नकोस. पट्टा तर अजिबात बांधू नकोस.

तुझी,
मुंगी

४ मे

प्रिय आजी,

प्रमाणपत्र तू गेल्यावर आठवड्याने आलं. आईने काच लावून भिंतीवर टांगलंय, थोडं तिरकं. ती आता येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते की हा कोर्स तिच्याच डोक्यातून निघाला. तुला परत पोचवलं तेव्हा बसमध्ये तू झोपून गेलीस. माझ्या खांद्यावर. बघ, मी हे लक्षात ठेवलंय.

केंद्राने पहिल्याच दिवशी मला एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे पाठवलं. एकट्या राहतात. डावी बाजू कमजोर आहे आणि ही खरीखुरी कमजोर आहे. आणि आजी, मला वाटतं हे तू मला शाप दिल्यासारखं झालंय. मी दारात पाऊल टाकलं तर त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, बस. मी अंघोळीचं विचारलं तर झालीय म्हणाल्या. झालेली नव्हती. बाही चढवायला गेले की हात पोटाशी घट्ट. उठवायला गेले की लाकूड. आपण हजारो मुलांना उभं केलंय, आपल्याला कुणी उभं करायची गरज नाही, असं रोज ऐकवतात. मी नियमाप्रमाणे सगळं करते. आधी विचारते, सांगते, थांबते. काही उपयोग नाही. त्यांची अशीच वागणूक राहिली तर दुसरं कुणी पाठवू, असं केंद्राने म्हटलंय, आणि दुसऱ्यापुढेही त्या अशाच ताठ राहणार. एक दिवस एकट्याच उठतील आणि पडतील. तुझ्यासारख्या.

म्हणून विचारते. त्या दिवशी परीक्षेत मी वाकले, म्हटलं भार सोड, आणि तू खरंच सोडलास. माझ्या पोटाशी डोकं टेकलंस आणि अशी हलकी झालीस की मला वाटलं आता मीच पडेन. बाईंनी तेव्हा वहीत लिहायचं थांबवलं. तू ते कसं केलंस? हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, आणि मला त्यांना शिकवायचंय.

तुझी,
मुंगी

९ मे

मुंगे,

प्लास्टर निघालं. आतला हात पोपट सोलल्यासारखा निघालाय, पण आपलाच आहे. हे पत्र उजव्याने लिहितेय, अक्षर ओळखलं असशीलच. शिवणयंत्र सापडलं. शिंपिणीकडेच होतं. तिने फोनवर मागितलं होतं आणि मी हो म्हणाले होते, मी घरी नसताना ती ते घेऊनही गेली, आणि एवढे दिवस ती माझ्याबरोबर ते शोधत होती, का तर मी परत मागेन म्हणून. मी मागितलं नाही. तिचं यंत्र बंद पडलंय, तिला पोट आहे.

आता तू विचारलंस ते. मी कुणाला सांगणार नव्हते, कारण तू पास झालीस ती माझ्या शहाणपणामुळे असं इथे सगळे समजतात.

तू वाकलीस, भार सोड म्हणालीस. मी मनात म्हटलं, सोडते, या खेपेला सोडते, आणि जितकं म्हणत होते तितकी ताठ होत होते. पाठ नुसती फळी. गेली मुलीची दुसरी संधी, असं वाटलं. तेवढ्यात तू मला जवळ ओढलंस आणि माझा गाल तुझ्या पोटाला लागला. आणि तुझं पोट गुरगुरलं. मला कानांनी फोन ऐकू येत नाही, पण हे गालाने ऐकू आलं, ढग गडगडल्यासारखं. मी म्हटलं, अरे, ही कार्टी सकाळपासून उपाशी आहे. परीक्षेच्या धास्तीने काही खाल्लं नाही आणि मला मात्र दूध पाजून आणलंय. माझ्या पिशवीत बिस्किटं होती. ती बाईंच्या समोर काढावीत का, का आधी बाईंना द्यावीत, का हिला बाहेर नेऊन खायला घालावं, पुडा डाव्या हाताने फुटेल का, असं माझं चाललं होतं. अंग सांभाळायचं राहूनच गेलं. भानावर आले तेव्हा मी खुर्चीत होते आणि बाई लिहीत होत्या.

म्हणजे मी भार वगैरे काही सोडला नाही. मी माझं नेहमीचंच करत होते. तो भार आपला आपण गेला.

तेव्हा हे पत्र मिळालं की तुझ्या त्या मुख्याध्यापिकेकडे जाताना घरून काही खाऊन जाऊ नकोस. डबाही नेऊ नकोस. नियमात बसत नसेल तर तुझ्या फूटपट्टीला विचार, त्यांचे पाय सुजले की त्या मऊ होतात. उपाशीच जा आणि त्यांच्याजवळ बस, पोट काय ते बोलेल. त्या विचारतील. मुख्याध्यापिका आहेत, विचारल्याशिवाय राहायच्याच नाहीत, वर रागावतीलही. खरं सांग. बिस्किटांचा डबा कुठे आहे ते त्या सांगतील, तो तू आण, पण उघडू त्यांना दे. त्या झाकणाशी झटापट करत असतील, तेव्हा त्यांचा कमजोर हात धर आणि बाहीत घाल.

शिंपीण आली, केस विंचरायला. हात बरा झाला हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिचा हात हलका आहे.

तुझी,
आजी